बुशारांची तेरेझ

मार्सेल लाझ्वाला रोज सकाळी दोन गोष्टी लागत. एक म्हणजे काळी कॉफी, जी त्याला पचत नव्हती तरी नुसती हातात धरायची असे. दुसरी म्हणजे आपल्या घराण्याची उजळणी. कप छातीशी धरून तो डोळे मिटायचा आणि पूजा सांगणाऱ्या भटजीसारखा पुटपुटायला लागायचा. अमिता परब त्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळून उभी असायची. आकडा लिहून, पट्टा सोडून, उशी सारखी करून झाली तरी उजळणी एकोणिसाव्या शतकाच्या मागे सरकलेली नसायची.

“मार्सेल, आर्मां लाझ्वा आणि सिमोन त्रांब्ले यांचा मुलगा. आर्मां, ओव्हिला लाझ्वा आणि रोझ-आना कारों यांचा मुलगा. ओव्हिला...”

असं करत तो पिएर गानिए नावाच्या शिपायापाशी पोचायचा. हा शिपाई साडेतीनशे वर्षांपूर्वी फ्रान्सहून जहाजात बसला आणि कॅनडात, क्वेबेकच्या बर्फात उतरला. त्या काळी फौजेत प्रत्येकाला एक टोपणनाव मिळे. पिएरला मिळालं ‘लाझ्वा’, म्हणजे आनंद. कागदोपत्री तो झाला ‘गानिए दी लाझ्वा’. पुढे त्याचे काही मुलगे गानिए राहिले, काही लाझ्वा झाले, आणि एका बापाच्या पोटी दोन आडनावांची घराणी सुरू झाली.

“म्हणजे आमचं ऊर्फ,” अमिता म्हणाली होती. तिच्या सावंतवाडीकडे ऊर्फवाल्यांना तोटा नव्हता. मार्सेलला हा शब्द भलताच आवडला आणि त्यानंतर तो ‘गानिए ऊर्फ लाझ्वा’ असंच म्हणायला लागला.

रियाधमधल्या एका खासगी हॉस्पिटलचा हा चौथा मजला, कर्करोगाचा वॉर्ड. मार्सेलचं वय सत्तरीच्या घरात. पंचविशीत तो विमानाची इंजिनं दुरुस्त करायला सौदीत आला आणि इथलाच झाला. लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, मित्र होते ते एकेक करून आपापल्या देशी गेले. आता स्वादुपिंडातला रोग यकृतात पसरला होता आणि विमानात बसवण्यासारखी त्याची अवस्था राहिली नव्हती. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची विमानं उडती ठेवली त्याला विमानात बसता येऊ नये, याला काय म्हणावं?

त्याला हवं होतं ते फार नव्हतं. त्याला तेरेझशी एकदा बोलायचं होतं.

तेरेझ ही त्याची धाकटी बहीण. घराण्याची ती लांबलचक उजळणी तिनेच लहानपणी त्याच्याकडून घोकून घेतली होती. तीसेक वर्षांपूर्वी आई आजारी पडली तेव्हा तेरेझने त्याला फोन केले. तो ‘येतो, येतो’ म्हणाला. तिकीट काढलं, बॅग भरली, विमानतळापर्यंत गेलाही. तिथे बाकावर बसून राहिला आणि विमान सुटल्यावर टॅक्सी करून घरी परतला. आईला मरताना बघण्याची त्याला भीती वाटली, बस्स, एवढंच कारण. तेरेझला त्याने सांगितलं की सुट्टी मिळाली नाही. ती म्हणाली, “आई शेवटपर्यंत तुझं नाव घेत होती. आता इकडे फोन करू नकोस.” आणि या शहाण्याने केला नाही. बहिणी रागाने बोलतात ते शब्दशः पाळायचं नसतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे आईचं घर विकलं गेलं, तिथला फोन बंद झाला, आणि भावाबहिणीतला एकुलता धागाही तुटला.

“मी विमानतळापर्यंत गेलो होतो, एवढंच तिला सांगायचंय,” तो अमिताला म्हणाला. “मग तिने मला हव्या तितक्या शिव्या द्याव्यात. तेरेझ फार छान शिव्या देते.”

“कुठे असते ती?”

“ती आता मादाम बुशार. मी इकडे आलो त्यानंतर काही वर्षांनी तिने बुशारांच्या मुलाशी लग्न केलं. आईने पत्रात कळवलं होतं. गाव कुठलं, देव जाणे.”

“तुमच्याकडचं आणखी कोणी? लाझ्वांपैकी?”

“लाझ्वा संपले. वडिलांना एकच भाऊ, तो पाद्री. आणि मी हा असा. नाव माझ्याबरोबर खलास.” एवढ्या वर्षांत अरबी त्याला फारशी आली नव्हती, पण हा शब्द मात्र त्याच्या तोंडी पक्का बसला होता.

अमिताने मनावर घेतलं. तिचा स्वभावच तसा. घेतलेलं काम अर्ध्यात सोडायची तिला चीड होती, आणि शिवाय तिच्या स्वतःच्या वडिलांच्या शेवटच्या दिवसांत ती इथेच, याच वॉर्डात, दुसऱ्याच्या वडिलांची चादर बदलत होती. ते ती कुणाला सांगत नसे, पण मार्सेलच्या त्या विमानतळावरच्या बाकाची गोष्ट ऐकल्यापासून ती तिच्या मनातून जाईना. या माणसाचं तरी होऊ दे, असं तिला फार वाटलं.

ड्यूटी संपवून मेट्रोने घरी आल्यावर ती लॅपटॉप उघडून बसायची. मुलगी सानिका दहावीला, इंडियन स्कूलमध्ये. तिने पहिल्या दिवशी मदत केली आणि हात टेकले. “मम्मी, देअर आर थाउजंड्स ऑफ बुशार्स. धिस इज लाइक सर्चिंग फॉर अ परब इन सिंधुदुर्ग.”

पोरीचं बरोबर होतं. क्वेबेकमध्ये बुशार उदंड. त्यातही तेरेझ बुशार काही कमी नव्हत्या. एक निघाली नव्वदीची, एक निघाली शाळेतली पोर, एकीने तर आपण इतक्या लांबच्या भावाला ओळखत नाही आणि पैसे मिळणार नाहीत असं बजावून फोन ठेवला. अमिताने कॅनडाच्या वकिलातीत कळवलं, त्यांनी चौकशी पुढे पाठवली. तिने त्या ‘ऊर्फ’चाही पिच्छा पुरवला. गानिए आडनावाच्या दोन-तीन वृद्धांना ईमेल केल्या. त्यांनी आनंदाने उत्तरं दिली की होय, पिएर शिपाई आमचाही मूळपुरुष, पण त्याला साडेतीनशे वर्षं झाली आणि तेरेझ नावाची बाई आम्हाला ठाऊक नाही.

नवरा ज्ञानेश किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीच्या बंदरात क्रेनवर होता, महिन्यातून एकदा यायचा. फोनवर त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तुका कित्याक व्हयी ही नसती भानगड? पेशंट आसा, जातलो.”

“जातलो ता माका ठाऊक आसा,” अमिता म्हणाली. “त्याच्या आधी एक फोन व्हयो.”

भाषेची अडचण होतीच. पलीकडच्या बऱ्याच बायकांना इंग्रजी जेमतेम. म्हणून तिने क्ष-किरण विभागातल्या कादिरला गाठलं. कादिर मोरोक्कोचा, फ्रेंच त्याच्या जिभेवर. अमिताने त्याच्या हातात बुशारांच्या क्रमांकांचा कागद ठेवला आणि त्याने, रमजानच्या उपासात, तोंडाला कोरड पडलेली असताना, दुपारच्या मोकळ्या वेळात एकेक फोन लावायला सुरुवात केली. कधी कुरकुर केली नाही. काही विचारलंही नाही, आणि तिथेच घात झाला.

एका सकाळी मार्सेलची उजळणी संपल्यावर त्याने अमिताला विचारलं, “तुझी म्हण ना.”

“माझी? मी ज्ञानेश परबांची बायको. ज्ञानेशचे वडील...”

“ते तुझ्या नवऱ्याचं झालं, मादाम परब. तुझी म्हण.”

मग तिने सांगितलं की ती जन्माची ज्योत्स्ना राऊळ. अमिता हे नाव लग्नात मिळालं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने ते लिहिलं आणि सगळ्यांना साखर वाटली. नर्सिंगची पदवी ज्योत्स्ना राऊळची, पासपोर्ट अमिता परबचा. या दोन बायका एकच आहेत हे पटवून देण्यात सौदीच्या नोकरीआधीचं अख्खं वर्ष गेलं होतं. मार्सेल डोळे विस्फारून ऐकत होता.

“म्हणजे पहिलं नावसुद्धा?”

“पहिलंसुद्धा.”

“तुझी आई?”

“रमा राऊळ. माहेरची सुमन गावडे.”

“तिची आई?”

अमिता थांबली. आईच्या आईला सगळे सावित्री म्हणत, पण ते सासरचं. माहेरी ती कोण होती? कुणाची मुलगी, कुठल्या घरातली? तिने त्या संध्याकाळी गावाकडे भावाला फोन लावला. भाऊसाहेबाने राऊळांची वंशावळ करून, मोठी चौकट करून भिंतीवर लावली होती, त्यात बाप आणि मुलगे सगळे ओळीने होते. तो म्हणाला, “आजयेचा म्हायेरचा नाव कोणाक ठाऊक? सांगणारो कोण उरलोहा आता?”

दुसऱ्या दिवशी तिने मार्सेलला तसं सांगितलं. “आमच्याकडे चर्चच्या वहीत बाई मरेपर्यंत आपल्या बापाच्याच नावाने असते,” तो म्हणाला. “म्हणून तर ही साखळी जुळते. सिमोन त्रांब्ले. रोझ-आना कारों. बघ, एकीचंही नाव हरवलेलं नाही.”

हे तो स्वतः म्हणाला. हे तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं, मान डोलावली, तिला आपल्या आजीचं वाईटही वाटलं. आणि दुपारी ड्यूटी संपल्यावर ती पुन्हा तेरेझ बुशार शोधायला बसली. आता यावर रागवावं तरी कुणावर?

रमजान संपला, ईद झाली. मार्सेलचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसायला लागले. मॉर्फिनचा पंप सतत चालू राहायला लागला आणि उजळणी मधेच तुटायला लागली. कधी तो ओव्हिलापाशी झोपून जायचा.

ईदच्या सुट्टीनंतर कादिर पहिल्यांदा वॉर्डात आला. इतके दिवस ज्याच्यासाठी फोन केले तो माणूस तरी बघावा, असं त्याला वाटलं. मार्सेलशी तो फ्रेंचमध्ये दोन शब्द बोलला, म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रंग आला. बाहेर येताना कादिरने दारावरची पाटी वाचली आणि अमिताला विचारलं, “सिस्टर, यांचे वडील वेगळे का?”

“कुणाचे?”

“या दोघांचे. हा लाझ्वा, ती बुशार. मी समजत होतो तोही बुशारच असेल.”

“अरे, बुशार तिच्या नवऱ्याचं नाव.”

कादिर तिच्याकडे बघतच राहिला. “तू मला इतके दिवस तिच्या नवऱ्याचं नाव दिलं होतंस?”

“मग कुणाचं देणार?”

“तिचं.” त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. “माझ्या बायकोला विचार ती कोण म्हणून. चार मुलं झाली, अजून ती तिच्या बापाच्या नावाची आहे.”

 हे अमिताला ठाऊक होतं. सौदीतल्या पहिल्या वर्षी एका पेशंटच्या बायकोला तिने त्याच्या आडनावाने हाक मारली होती, आणि ती बाई बुरख्याआडून फणकारली होती, “मी काय त्याच्या बापाची मुलगी आहे?” हा किस्सा अमिता आजवर प्रत्येक नव्या नर्सला हसत हसत सांगत आली होती. या वॉर्डातल्या निम्म्या बायका नवऱ्याच्या खाटेशेजारी आपापल्या बापाच्या नावाने बसलेल्या असत. आणि तिला तेरेझ लाझ्वा असं एकदाही सुचू नये? मार्सेलला सुचलं नाही, कारण त्याच्या तरुणपणी शेजारपाजारच्या सगळ्या बायका मादाम अमुक आणि मादाम तमुकच असायच्या. तो इकडे आल्यावर वर्षभरात तिकडचा कायदा बदलला आणि लग्नानंतरही बाईने आपलंच नाव चालवायचं असं ठरलं, हे त्याला कळवणार कोण होतं? पण अमिताला सुचलं नाही ते तिच्या हाडामांसात मुरलं होतं म्हणून. लग्न झालेली बहीण माहेरच्या नावाने जगत असेल, हे तिच्या मनाला शिवलंच नव्हतं.

कादिरने तिथेच, कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसून फोनवर नाव टाकलं. तेरेझ लाझ्वा. नदीकाठच्या एका लहान गावात एकच होती. पत्ता होता, फोनही होता.

तिकडे सकाळ झाली असेल असं बघून त्यांनी मार्सेलच्या खोलीतूनच फोन लावला. घंटा वाजत राहिली आणि मग एक बाईचा आवाज आला, ठसकेबाज, जरासा घोगरा. मार्सेल उशीवरून अर्धा उठला. “तेरेझ,” तो म्हणाला. पण आवाज थांबला नाही, आपलं आपण बोलत गेला. कादिरने हलकेच सांगितलं, “रेकॉर्ड केलेला आहे. म्हणते, तेरेझ लाझ्वा आणि नोर्मां बुशार यांचं घर. आम्ही आत्ता घरी नाही. तुमचं नाव सांगा, आम्ही नंतर फोन करू.”

बीप वाजली. मार्सेलने कादिरच्या हातातून फोन घेतला आणि बोलायला लागला. काय बोलला ते अमिताला कळलं नाही, पण ‘एअरपोर’ हा शब्द पुन्हा पुन्हा आला आणि शेवटी तो रडत होता. कादिर खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बोलून झाल्यावर मार्सेल थकून मागे टेकला आणि अमिताला म्हणाला, “आवाज तसाच आहे. म्हातारी झाली नाही अजून.”

इतका आनंद अमिताला तिच्या नोकरीच्या पत्रानेही झाला नव्हता. घरी जाताना तिने सानिकासाठी कुनाफा ही तिची आवडती अरबी मिठाई घेतली. “फाउंड हर?” सानिकाने विचारलं. “सापडली,” अमिता म्हणाली आणि मायलेकींनी तो सगळा कुनाफा डब्यातूनच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मार्सेलने मॉर्फिनचा पंप बंद करायला लावला.

“तेरेझचा फोन येईल तेव्हा मी झोपलेलो नको,” तो म्हणाला. “जीभ जड होते माझी त्या औषधाने. तिला वाटेल मी दारू प्यायलोय.”

डॉक्टरांनी समजावलं, अमिताने समजावलं, तो ऐकेना. औषध नाकारायचा हक्क त्याचा होता. मग दुखणं जे सुरू झालं ते अमिताला बघवत नव्हतं. तो ओरडायचा नाही. दोन्ही हातांनी खाटेचा कठडा धरायचा आणि उजळणी म्हणायचा, मोठ्याने, एकेक नाव दातांखाली दाबत. दारात कोणाचीही चाहूल लागली की विचारायचा, “आला?” आणि अमिता सांगायची, “अजून नाही. येईल.” ती मनातल्या मनात त्या तेरेझवर चिडायला लागली. बाई, एवढं बोलला तो तुझ्याशी, एक फोन करायला काय जातं तुझं?

फोन आला तो कादिरला. क्रमांक त्याचाच होता. तो क्ष-किरण विभागातून वर आला तेव्हा त्याचा चेहरा बघूनच अमिता नर्सेसच्या काउंटरवरून उठली.

“तिची मुलगी होती, कारोलीन,” कादिर म्हणाला. “वडिलांना दम्यामुळे शहरात स्वतःकडे नेलंय, म्हणून घर बंद होतं. आज घरी येऊन तिने निरोप ऐकला.”

“आणि तेरेझ?”

“गेली. ईदच्या आदल्या आठवड्यात. हृदय बंद पडलं. मशीनवरचा आवाज पुसायचा कुणाला धीर झाला नाही, म्हणाली. अजून पुरलंही नाहीये. तिकडे जमीन गोठलेली असते, मे महिन्यात खणता येते. तोवर शवघरात ठेवतात.”

अमिता खाली बसली. ईदच्या आदल्या आठवड्यात कादिर उपाशीपोटी बुशारांना फोन करत होता. त्याच्याही आधी कितीतरी दिवस तेरेझ लाझ्वा आपल्या घरात, आपल्या नावाने, आपल्या फोनपाशी बसलेली होती, आणि तिला शोधणं हे खुर्चीवर बसल्या बसल्या करायचं काम होतं.

“ती विचारत होती,” कादिर खाली बघून म्हणाला, “की आईला बुशार म्हणून का शोधलंत. तिला कधी कोणी तसं म्हटलंच नाही म्हणे.”





म्हाताऱ्याला सांगावं की नाही, यावर कादिरचं म्हणणं होतं की नको. दोन-चार दिवसांचा पाहुणा, आशेवर जाऊ दे. अमिताला ते एकदम पटलं. खरंच, कशाला? पण आतून मार्सेलचा आवाज येत होता. “ओव्हिला... ओव्हिला लाझ्वा आणि...” कठडा खडखडत होता. ही आशा त्याला पंपाशिवाय मारणार होती, इंच इंच.

ती आत गेली आणि खुर्ची ओढून बसली. कामावर असताना ती पेशंटजवळ कधी बसत नसे, त्यामुळे तिने तोंड उघडायच्या आधीच मार्सेलला कळलं असावं.

“ती फोन करणार नाही,” अमिता म्हणाली. “तेरेझ गेली, मार्सेल. हार्ट अटॅकने. ईदच्या आधी.”

त्याने कठडा सोडला नाही. तो तसाच धरून विचारलं, “मी बोललो ते?”

“तिच्या मुलीने ऐकलं.”

“मुलगी आहे तिला?”

“आहे. कारोलीन. कारोलीन लाझ्वा-बुशार.”

तो त्या नावाकडे बघत असल्यासारखा छताकडे बघत राहिला. “लाझ्वा,” तो म्हणाला. “मग मी तिला बुशार का म्हटलं?”

“तुम्ही म्हटलंत, पण शोधत मी होते,” अमिता म्हणाली. “तुमच्या तोंडून मी रोज ऐकत होते की तुमच्याकडच्या बायका आपल्या नावाने राहतात. तरी मला सुचलं नाही. सुचलं असतं तर ती भेटली असती. जिवंत होती तेव्हा.”

माफी मागायची म्हणून ती थांबली, आणि तो काहीतरी म्हणेल, चालायचंच म्हणेल, निदान हात तरी पुढे करेल, असं तिला वाटलं. मार्सेलने तिला माफ केलं नाही आणि दोषही दिला नाही. त्याला त्या वेळी तिची आठवणही नसावी. त्याची बोटं एकेक करून कठड्यावरून सुटली.

“आता तो पंप लावा,” तो म्हणाला.

तिने लावला. मॉर्फिनच्या तक्त्यावर दोन नर्सेसच्या सह्या लागतात. दुसरी नर्स सही करून गेली आणि अमिताने खाली आपलं नाव लिहिलं, रोज लिहीत होती तेच.

त्यानंतर मार्सेल लाझ्वाने उजळणी केली नाही. कॉफी मात्र ती रोज आणून ठेवत राहिली. दोन दिवसांनी सकाळी तो झोपेतच गेला आणि त्याला तळमजल्यावरच्या शवागारात नेलं. कागद पुरे होईपर्यंत तो तिथे राहणार होता. भाऊ रियाधच्या शीतपेटीत, बहीण क्वेबेकच्या. दोघंही जमिनीची वाट बघत. अमिताला हा विचार आला आणि तिने तो लगेच झटकला, पण दिवसभर तो परत परत येत राहिला.

शवाचे कागद करायला जवळच्या नातेवाइकाची सही लागणार होती. दुपारी कादिर वर आला आणि दोघांनी कारोलीनच्या मोबाइलवर फोन केला. तो बंद होता. म्हणून मग त्यांनी घरचा क्रमांक लावला. कदाचित ती तिथे आवराआवर करायला आली असेल.

घंटा वाजत राहिली. मग तो ठसकेबाज, जरासा घोगरा आवाज आला, आणि कादिरने सवयीने, विचार न करता, त्याचा अर्थ सांगायला सुरुवात केली.

“म्हणते, तेरेझ लाझ्वा आणि नोर्मां बुशार यांचं घर. आम्ही आत्ता घरी नाही. तुमचं नाव सांगा, आम्ही नंतर फोन करू.”

बीप वाजली. कादिरने फोन तिच्यापुढे धरला. “तू बोल,” तो म्हणाला. “इंग्रजीत बोल, मुलीला कळतं.”

अमिताने फोन हातात घेतला. मार्सेल गेला, एवढंच सांगायचं होतं, पण आधी आपण कोण ते सांगायला हवं होतं, परबांची अमिता की राऊळांची ज्योत्स्ना. ती तशीच उभी राहिली आणि पलीकडे मशीन गुमान रेकॉर्ड करत राहिलं.